रात्रभर उघडी दारं

आज लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये बराच वेळ बसले. जेम्स गिब्जची ही १७२६ची वास्तू देखणी आहेच, पण मला ओढ डिक शेपर्ड या धर्मगुरूची. १९१४मध्ये तो इथे आला आणि चॅरिंग क्रॉस स्टेशनातून पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर जाणाऱ्या-येणाऱ्या सैनिकांसाठी, बेघरांसाठी त्यानं रात्रीही दारं उघडी ठेवली. प्रार्थनेच्या बाकांवर दमलेली माणसं झोपू लागली! उपासना याहून वेगळी काय असते? १९२४मध्ये बीबीसीनं इथली प्रार्थना रेडिओवरून घरोघरी पोचवली, तेही मोठंच. तरी मला अप्रूप तळघराचं. तिथल्या कॅफेत पायांखाली जुन्या थडग्यांच्या शिळा आहेत. सूप प्यायले. त्याचे पैसे चर्चच्याच कामाला लागतात. बेघरांना आधार देणारं केंद्र शेजारीच आहे.