खांद्यावरचा हात

त्या दगडात आई कुठेच नाही. चार दिवस झाले, एवढंच डोक्यात फिरतंय.

दगड म्हणजे वीरगळ. भिवंडी तालुक्यातल्या एका गावाच्या वेशीवर, वडाखाली उभा. उंची कमरेएवढी. मागे गोदामाची पत्र्याची भिंत, पुढे कंटेनर वळवायला सोडलेली जागा. वर्षानुवर्षांच्या शेंदराचे थर इतके चढलेत की तळाच्या चौकटीत घोडा आहे की बैल, हे बोटांनी चाचपून ठरवावं लागतं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई, आडवा पडलेला एक माणूस. त्याच्या वरच्या चौकटीत दोघी अप्सरा त्याला वर नेतायत. आणखी वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश, दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य. संपलं. धुळीपासून कैलासापर्यंत तीन मजले, आणि एकाही मजल्यावर कोणी रडत नाही.

बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ याहून कितीतरी मोठे. त्यांवर जहाजं आहेत, वल्ह्यांच्या रांगा आहेत. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची तेराव्या शतकातली आरमारी लढाई ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. वल्ही मारणारी माणसं शिल्पकाराने एकेक करून कोरलीत. त्यांच्या आयांना मात्र किनाऱ्यावरही जागा दिलेली नाही.

आजीची एक म्हण होती. तिची म्हणजे सगळ्यांचीच, पण आमच्या घरात ती आजीच्याच नावावर जमा होती: आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी रात्री दोनला यायचं. मागांचा खडखडाट चालूच असायचा. त्यात झोप लागायची, पण तो थांबला की जाग यायची. आजी हंडे घेऊन उठायची, आम्हा पोरांना हाका मारायची, कोणी हलायचं नाही. मग काळोखात ही म्हण यायची, आणि तिच्या मागे हंड्यांचा आवाज. म्हणीत स्वर्ग आहे, हे माझ्या कित्येक वर्षं लक्षातच आलं नव्हतं. माझ्या लेखी ती पाण्याची म्हण होती.

आता तिच्याकडे नीट पाहिलं तर ती फारच विचित्र वाटते. स्वतःचं काम स्वतःच करावं लागतं, एवढं साधं सांगायला कोणी मरणापर्यंत कशाला जाईल? नळ ते स्वर्ग ही कुठली उडी? शिवाय ती बढाई मारणाऱ्याला टोमणा आहे की आळश्याला दम, हेही धड कळत नाही. आणि तो ‘आपण’. मराठीत ‘आपण’ म्हणजे स्वतः, ‘आपण’ म्हणजे तू आणि मी मिळून, मान द्यायचा तर ‘आपण’ म्हणजे तुम्ही. म्हणीतला अर्थ पहिला, हे मलाही कळतं. पण रात्री दोन वाजता, हंडा काखेत धरून, आजी त्यातला कुठला म्हणत होती?

हे विचारायचं कारण काका. वडिलांचा धाकटा भाऊ. मी जन्मायच्या आधी, एकोणिसाव्या वर्षी, चार दिवसांच्या तापाने गेला. म्हणजे ही म्हण मी आजीच्या तोंडून जितक्या वेळा ऐकली, ती सगळी काकाच्या नंतरची. मुलगा गेलेली बाई रोज रात्री म्हणते की मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, आणि पाण्याला जाते. ऐकू येत होतं का तिला, ती काय म्हणतेय ते? की म्हणी झिजून इतक्या गुळगुळीत होतात की आतलं काही बोटाला लागतच नाही, शेंदराखालच्या घोड्यासारखं?

वीरगळ घडवणारा पाथरवट तर जिवंत होता. न मरता त्याने स्वर्ग पाहिला कसा? मला वाटतं, पाहिला नसावाच. अप्सरा सगळीकडे सारख्याच, लिंगासमोरची बैठकही ठरलेली. स्वर्ग त्याच्याकडे तयार असणार आणि तळाची चौकट गिऱ्हाईक सांगेल तशी. गाई वळवताना मेला तर गाई, दर्यावर मेला तर जहाज. हे मी गमतीने लिहायला गेलो, पण गंमत वाटेना. तापाने मेलेल्याला तळाला काय कोरणार? पलंग? 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे इथे भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बरीचशी झोपेत. लहान पोरंही होती. त्यांनी कोणाशी लढाई केली? खालची चौकट रिकामी असेल तर अप्सरा येतात का?

जर्मनीतल्या केथे कोलविट्झ या शिल्पकार बाईने अप्सरा बोलावल्याच नाहीत. तिचा धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा. ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियममध्ये पडला. वडील त्याला सैन्यात जाऊ द्यायला तयार नव्हते, त्यांची मनधरणी केली होती ती केथेनेच. त्याच्या स्मारकाच्या पहिल्या आराखड्यात तिने मुलाचा आडवा देह घेतला होता, उशाला बाप, पायथ्याशी आई. पुढे मुलगा काढून टाकला. शिल्प 1932 साली बसलं, आणि त्यात उरले दोघंच, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले. बापाने हातांनी स्वतःलाच आवळून धरलंय, आई वाकलीय. त्यांना चेहरेही केथेचे आणि तिच्या नवऱ्याचेच आहेत. मी ते छायाचित्रातच पाहिलंय. तरी त्या दोघांच्या मधलं अंतर पाहून मी पान उलटलं होतं. पुढे 1942 मध्ये तिचा नातूही युद्धात गेला. त्याचंही नाव पेटर.

आपल्याकडच्या दगडात फक्त गेलेला, तिच्या दगडात फक्त उरलेले. यातला खरा कुठला, असं विचारणार होतो. पण आजीला त्या दोघांसारखं गुडघे टेकून बसलेलं पाहिलं असतं, तर मला सहन झालं असतं का? मग रात्रीचं पाणी कोणी भरलं असतं?

उरलेल्यांचा दगड आपल्याकडे नाहीच, असंही नाही म्हणा. सतीशिळा असते. काटकोनात वळून उभा असलेला एक हात, तळवा उघडा, मनगटात बांगड्या. बाकी बाई नाहीच. त्या बांगड्या शाबूत असतात, कारण फुटायची वेळच येऊ दिलेली नसते. त्या हातापुढे उभं राहिलं की नमस्कार करायला माझा हात उचलत नाही, आणि पाठ फिरवून निघूनही जाता येत नाही. तिला कोणी विचारलं होतं का? पण तीसुद्धा बायको. आईला तेवढाही हात नाही.

आमच्या घरात होता, असं मी धरून चाललो होतो. काकाचा एकट्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून स्टुडिओवाल्याने त्याला कापून काढला, मोठा केला आणि मागे राखाडी ढग रंगवले. तयार स्वर्ग. पण मागे उभ्या असलेल्या कोणाचा तरी हात काकाच्या खांद्यावर होता, तो त्याला काढता आला नाही. चार बोटं आणि दोन बांगड्या. एरवी तो चंदनाच्या हाराखाली झाकलेला असतो. हार बदलताना दिसतो. तो हात आजीचा, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं, आणि गेले चार दिवस माझी सगळी भिस्त त्यावरच होती.

काल आत्याला फोन करून विचारलं. ती हसली. म्हणाली, “आईचा कुठला रे? आई आत पंगतीला वाढत होती. तो शेजारच्या काकूंचा. त्यांना सवयच होती, कोणाच्याही खांद्यावर हात टाकायची.” मग जरा थांबून म्हणाली, “की माझाच होता? मीही होते तिथे.”

फोन ठेवला आणि हार बाजूला करून पुन्हा पाहिलं. बोटं कोणाचीही असू शकतात. बांगड्या काचेच्या आहेत की सोन्याच्या, ते काळ्यापांढऱ्यात कळत नाही. आजीने ही तसबीर रोज पुसलेली मी पाहिलीय. हाराखालचा हात आपला नाही, हे तिला तर माहीतच असणार. ती तरीही तिथे पदराने दोनदा पुसायची, एकदा चेहऱ्यावरून आणि एकदा खांद्यावरून. की हे दोनदा पुसणंही मीच आत्ता रंगवतोय, ढगांसारखं?