मिटणारे पाते

चाकूचे नाव आपल्याकडे फार बद्दू झाले आहे. वर्तमानपत्रात तो येतो तो हल्ल्याच्या बातमीत. चित्रपटात येतो तो गुंडाच्या मुठीत. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये तर राजकुमारने, ही मुलांच्या खेळण्याची वस्तू नव्हे, असे बजावूनच ठेवले आहे. मला विचाराल तर त्याचे म्हणणे अगदी खरे आहे. चाकू खेळण्याची वस्तू नाहीच. म्हणून तर तो मुलांना शिकवायला हवा.

आमच्या घरी आजोबांचा एक मिटणारा चाकू आहे. शिंगाची मूठ आणि बोटभर लांबीचे पाते. लहानपणी ते त्याने बोरूला कत घेत. पुढे बोरू गेला, टाकही गेला. चाकू मात्र राहिला. पेन्सिलीला टोक करावे, सुतळी कापावी, पेरूच्या फोडी कराव्यात, अशी त्याची गरीब कामे. यंदा माझ्या बारा वर्षांच्या मुलीने आकाशकंदिलाच्या कामट्या तासायला तो मागितला आणि घरात दोन पक्ष पडले.

“बोट कापून घेईल! तयार कंदील काय कमी मिळतात?” इति सौभाग्यवती.

मी म्हटले, “तू विळीवर कधी बसलीस?”

“दहाव्या वर्षी. पण विळी उभी ठेवून उठायचं नाही, हे आईनं आधी शिकवलं होतं.”

माझे काम तिनेच सोपे केले. कामट्यांआधी चार दिवस चाकूची शाळा भरली.

पहिला धडा असा की, या चाकूला कुलूप नसते. मुठीतली पोलादी कमान पात्याचे बूड दाबून धरते, एवढाच त्याला आधार. धारेने कापताना पाते उघडेच राहते. पण टोकाने भोसकले किंवा पाठीवर जोर आला, की ते मिटते, आणि मिटते ते बोटांवर. तेव्हा टोकाने भोक पाडायचे नाही, डब्याचे झाकण उचकटायचे नाही, स्क्रू फिरवायचा नाही. दुसरा धडा असा की, धार नेहमी अंगापासून दूर जावी आणि दुसरा हात तिच्या मागे असावा. हात लांब करून भोवती फिरवावा. त्या वर्तुळात कोणी येत असेल तर चाकू उघडूच नये. मिटताना पाठीवर तळहात ठेवावा, बोटे पात्याच्या वाटेत आणू नयेत. आणि दुसऱ्याला द्यायचा तो मिटूनच.

मग निगा. आजोबांचे पाते साध्या पोलादाचे. लिंबू चिरून तसेच ठेवले तर काळे पडते, ओले ठेवले तर गंजते. स्टेनलेस पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहजासहजी गंजत नाही. पण अजिबात गंजत नाही असे नव्हे. चाकू कोणताही असो, वापरल्यावर धुवावा, पुसावा आणि वाळल्याखेरीज मिटू नये. सांध्यातली घाण जुन्या दातांच्या ब्रशाने काढून तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल नको, ते थंडीत थिजते. गोडे तेल कालांतराने चिकटते. फळ चिरण्यापूर्वी मात्र पात्यावरचे तेल पुसून घ्यावे.

धारेविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा अधिक धोक्याचा. त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. बारीक दगडावर पाणी शिंपडावे, पाते पंधरा ते वीस अंश तिरपे धरावे आणि दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. धार पाहायची ती कागदावर, अंगठ्यावर नव्हे. चाकावर ठिणग्या उडवून लावलेली धार दिसते झकास. पण पाते फार तापले तर त्याला दिलेले पाणी उतरते. ‘पाणी जोखणे’ हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना मला हेच पाणी आठवते.

पाचव्या दिवशी कामट्या तासताना मुलीच्या बोटाला जरासे लागलेच. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी मुलीकडे पाहत होतो. तिने आधी चाकू मिटला, खाली ठेवला, आणि मग बोट पाहिले. नळाखाली धुतले, पट्टी लावली आणि पुन्हा कामाला बसली.

मुलांच्या वाटेतली प्रत्येक धार आपण काढून घेऊ लागलो, तर त्यांची बोटे शाबूत राहतील. हात मात्र आंधळे राहतील. पुढे आयुष्यात ज्या धारा भेटायच्या आहेत, त्या काही आपल्याला विचारून येणार नाहीत.

कंदील किंचित कलला आहे, पण लागला आहे. काल फराळाच्या सामानाची गाठ सुटेना, तेव्हा स्वयंपाकघरातून हाक आली, “अगं, तुझा चाकू आण बघू!”

हाक मला नव्हती.