विक्काचं पहिलं पुस्तक

विक्का या आधुनिक चेटूकधर्माकडे वळणाऱ्या नवख्याच्या हाती बहुधा स्कॉट कनिंगहॅम यांचं १९८८चं पुस्तक पडतं. गुरू नको, मंडळ नको. एकट्यानं साधना करा, असा त्याचा मोकळाढाकळा सूर. दीक्षा परंपरेतूनच मिळते असं मानणाऱ्यांना तो खटकतो. रेमंड बकलंड यांचं १९८६चं जाडजूड निळं पुस्तक मात्र शाळाच भरवतं: क्रमवार धडे आणि वर प्रश्नही!

खरी गोम इतिहासात आहे. ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४मध्ये जेरल्ड गार्डनर यांनी हा जुनाच धर्म टिकून असल्याचं पुस्तकातून मांडलं. त्याला प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. मरे यांचा छुप्या चेटूकपंथाचा सिद्धान्त इतिहासकारांनी पुढे मोडीत काढला. रोनाल्ड हटन यांचं १९९९चं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ विक्काची आधुनिक घडण उलगडतं, तेही थट्टा न करता. खरं तर तेच आधी वाचावं, पण विधींची घाई झालेल्याला एवढा धीर कुठला?

दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा आहे. युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, असं लिहिलेलं दिसलं की पुस्तक परत फळीवर. अभ्यासकांचा अंदाज चाळीस ते साठ हजारांचा आहे, आणि इंग्लंडमध्ये तर चेटकाची शिक्षा फाशी होती.