निळी बोटं

एकतीस वर्षं मी खडू हातात धरला. बेळगावातल्या मराठी शाळेत गणित शिकवलं, आणि संध्याकाळी घरी आले की सासूबाई तोंडाकडे बघायच्या आधी माझ्या हातांकडे बघायच्या. "धुवून ये गं आधी, मग आत जा." निवृत्त झाले तेव्हा मनात म्हटलं, चला, खडूपासून सुटका झाली. दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी घरात परत खडू आला. या वेळी निळा, आणि तो आणला ह्यांनी.

खडू एकटा आला नाही. आधी टेबल आलं.

आमचा मुलगा पुण्यातली नोकरी सोडून डिसेंबरात घरी आला होता. का सोडली, ते त्यानं मला सांगितलं, वडिलांना सांगितलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही. न विचारण्याचा त्यांना राग येत होता आणि न सांगण्याचा त्याला. सहा महिने दोघांमध्ये "जेवलास का?" आणि "हो" एवढंच चाललं होतं. सूर्यास्ताच्या आत आम्ही सगळे एकाच पंगतीला बसायचो, पण भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा यायचा.

मग जूनमध्ये एक दिवस टेम्पो दारात उभा राहिला. कॉलेजच्या बाजूचं एक पूल पार्लर बंद होत होतं, तिथलं आठ फुटी टेबल ह्यांनी कुणालाही न विचारता विकत घेतलं होतं. दगडी पाट्या बसवलेलं ते धूड सहा हमालांनी घामाघूम होत सोप्यात आणून ठेवलं. माडीवर न्यायचा प्रश्नच नव्हता, आमच्या माडीची लाकडं माझ्या सासऱ्यांच्याही आधीची. हे तरुणपणी कॅम्पात बिलियर्ड खेळायला जायचे, हे मला लग्नानंतर कधीतरी कळलं होतं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनं 1958 साली कलकत्त्यात जागतिक अजिंक्यपद मिळवलं, ही गोष्ट त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितली होती आणि त्यांनी ती मुलाला लहानपणी शंभरदा सांगितली होती. स्नूकरचा जन्म आपल्या जबलपूरचा, 1875चा, हेही. त्या दिवशी मात्र ते काहीच बोलले नाहीत. मिस्त्रीला बोलावून टेबलावर नवं हिरवं कापड ताणून घेतलं, मुलाच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "लेव्हल बरोबर आहे का बघ जरा."

तो उठला. मी स्वयंपाकघरात होते. बॉलवर बॉल आपटल्याचा पहिला आवाज आला तेव्हा माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

आठवड्याभरात ते बोलायला लागले. पुण्याबद्दल नाही, कोन आणि कुशनबद्दल. "इथून मारलं असतंस तर." "पप्पा, पांढरा आत गेला असता." मला तेवढं पुरत होतं.

सासूबाईंना नव्हतं पुरत. त्यात त्यांची चूक काही नाही. सोप्यातल्या पूर्वेच्या खिडकीखाली त्यांची चटई आणि चौरंग आहे. चाळीस वर्षं त्या तिथं सामायिकाला बसतात, तिथंच वाचन करतात, आणि सासरे गेल्यापासून पांढऱ्या सुती साडीशिवाय दुसरं नेसत नाहीत. एका सकाळी त्या बस्तीतून परत आल्या आणि पदर माझ्यापुढं धरला. "हे निळं काय गं? देवापुढं अशीच उभी राहून आले मी."

काठावर बोटाएवढा निळा डाग होता. टेबलाच्या कडेला हात टेकून उठल्या होत्या.

त्यानंतर मला तो निळा रंग सगळीकडं दिसायला लागला. नव्या कापडावर ठिपके. पांढऱ्या बॉलवर ठिपके. दाराच्या कडीवर, दिव्याच्या बटणावर, मुलाच्या नाकाच्या शेंड्यावर. चौरंगावरच्या पोथीच्या कापडावर सुद्धा. सासूबाईंनी फार आरडाओरडा केला नाही, तसा त्यांचा स्वभाव नाही. एवढंच म्हणाल्या, "भादव्यात दशलक्षण येतंय. तोपर्यंत एक तर हे टेबल जाईल, न्हाईतर माझी चटई मी भावाच्या घरी नेते." त्या बोलल्या म्हणजे नेणार. आणि टेबल गेलं असतं तर त्याच्याबरोबर काय गेलं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. मला वाटतं पुरतं माहीत होतं. म्हणूनच लगेच जा म्हणाल्या नाहीत, अडीच महिन्यांची मुदत दिली.

खडूशी माझा जन्माचा संबंध. म्हटलं हे काम माझं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की हा खडूच नाही. शाळेतला खडू जिप्समचा, फार पूर्वी चुनखडीचा. क्यूच्या टोकाला घासायचा चॉक म्हणजे सिलिकाची बारीक पूड, तिच्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखं खरखरीत काहीतरी, रंग आणि सगळं धरून ठेवणारा चिकटा. 1897 साली शिकागोचा रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स आणि बिलियर्डपटू विल्यम स्पिंक्स यांनी याचं पेटंट घेतलं. काम त्याचं एकच, टोक बॉलवरून घसरू न देणं. बॉलच्या मधोमध मारलं तर चॉकवाचूनही चालून जातं. बाजूला मारून बॉलला फिरकी द्यायची असेल तर टोकानं बॉलला क्षणभर धरावं लागतं, नाहीतर टक्क आवाज होऊन बॉल भलतीकडं जातो. म्हणजे चॉक नकोच असं म्हणता येत नव्हतं. मी एकदा म्हणून बघितलं, दोघंही एकदम हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघं एकाच गोष्टीला हसले, आणि ती गोष्ट मी होते. असू दे.

दुसरी गोष्ट, घाण होते ती नुसती दिसायला वाईट एवढंच नाही. ही पूड खरखरीत असते. कापडाच्या विणीत बसली आणि वरून बॉल फिरत राहिले की कापड आतून घासलं जातं. बॉलवर चॉकचा ठिपका असेल आणि नेमका तोच भाग दुसऱ्या बॉलला लागला तर बॉल उडाल्यासारखा होतो, वाट बदलतो. खेळणारे त्याला किक म्हणतात. मुलगा म्हणाला, "आज्जीची साडी आणि माझा शॉट, दोन्हीचा शत्रू एकच."

तिसरी गोष्ट वाचली आणि घाबरले. 1996 साली 'पेडियाट्रिक्स' या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात क्यूच्या चॉकमधल्या शिशावर एक लेख आला होता. सगळ्या नाही, पण काही चॉकमध्ये बरंच शिसं सापडलं होतं. माझ्या नणंदेचा नातू दर रविवारी येतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. पार्लरवाल्यानं टेबलाबरोबर फुकट दिलेली, नाव-गाव नसलेली चॉकची पेटी मी त्याच दिवशी बाहेर काढली. ज्याच्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही ते घरात नको, हा माझा पहिला नियम. मसाल्यालाही मी तोच लावते.

मग परीक्षा सुरू झाल्या. शिक्षिकेची खोड. चार प्रकारचे चॉक आणले, जुन्या पांढऱ्या धोतराचे चार तुकडे केले. प्रत्येक चॉक टोकाला सारख्याच वेळा घासायचा, मग क्यू धोतरावर धरून टिचकी मारायची आणि काय पडतं ते बघायचं. पांढरा बॉल धुवून घ्यायचा, मुलानं दहा शॉट मारायचे, मी ठिपके मोजायचे. ह्यांनी वहीत लिहायचं. पार्लरचा चॉक पण शेवटचा म्हणून परीक्षेला बसवला, त्याची टिचकीसरशी अर्धी पूड खाली. कोरडा, भुसभुशीत, नुसता रंग. जगभर सगळीकडं दिसतो तो अमेरिकन निळा चॉक बराच बरा निघाला, पण हिरव्या कापडावर निळा तो निळाच.

इथं ह्यांनी एक शक्कल काढली. कापड हिरवं आहे ना, मग चॉक हिरवा घ्या! खरंच, टेबल एकदम स्वच्छ दिसायला लागलं. खेळणाऱ्यांच्या घरी ही युक्ती सगळीकडं चालते, कापडाच्या रंगाचा चॉक. तीन दिवस आम्ही खुशीत होतो. चौथ्या दिवशी सासूबाईंनी न बोलता टेबलाच्या लाकडी कडेवरून पदराचं टोक फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. हिरवं. "लपवलंय व्हय? माझी साडी हिरवी न्हाई." मी गणिताची बाई असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. धूळ तेवढीच होती, फक्त डोळ्यांना दिसेनाशी झाली होती.

शेवटी मुलानं फिनलंडचा ताओम चॉक मागवला. एका वडीच्या पैशात साध्या चॉकच्या तीन-चार पेट्या आल्या असत्या, आणि ह्यांनी किंमत ऐकून चष्मा काढला. पण धोतराच्या परीक्षेत तो सरळ पहिला आला. तो टोकाला पातळ थरासारखा बसतो, सुटून पडत नाही, आणि बॉलवर ठिपका उमटला तरी फिका उमटतो, बॉल कापडावर फिरताना बराचसा पुसलाही जातो. शिवाय तो पुरतो. जूनच्या शेवटी घेतलेली वडी अजून अर्धी पण झालेली नाही. हिशोब केला तर महाग पडला नाही, हे मी ह्यांना दोनदा मांडून दाखवलं.

तरी खरं सांगायचं तर चॉक निम्मंच काम करतो. निम्मं काम हाताचं. मी दोघांना वर्गातल्यासारखे नियम घालून दिले. टेबलावर वाकून चॉक लावायचा नाही, बाजूला ठेवलेल्या जुन्या परातीवर क्यू धरून लावायचा. टोकात खड्डा पडेल असा पिळायचा नाही, हलक्या हातानं पुसल्यासारखा लावायचा. फुंकर मारायची नाही. वडी कडेवर पालथी ठेवायची नाही, तोंड वर. खेळून झालं की हात धुवायचे. बॉल आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून धुवायचे आणि कोरडे पुसायचे. कापडावर मिस्त्रीनं ब्रश मारायला सांगितला होता, पण आमच्या कापडाला लव नाही, ब्रशनं पूड नुसती विणीत आणखी खाली जात होती. मी व्हॅक्यूमला मऊ तोंड लावून हळू फिरवते. बेळगावचा पाऊस सुरू झाल्यावर चॉक दमट होऊन गोळा धरायला लागला, तेव्हा तो झाकणाच्या डब्यात गेला, औषधाच्या बाटल्यांतून निघालेल्या त्या लहान पुड्यांसोबत.

एवढं सगळं जुळत आलं, आणि एका दुपारी सासूबाई परातीजवळ उभ्या राहून नातवाला विचारत्या झाल्या, "ह्या काठीच्या टोकाला काय लावलंय रे?"

मी आतून ऐकत होते. काहीतरी सांगेल, रबर म्हणेल, असं वाटलं. तो म्हणाला, "चामडं आहे, आज्जी."

सोप्यात शांतता. हे खुर्चीतून उठून उभे राहिले होते, पण मध्ये बोलले नाहीत. क्यूच्या टोकाला चामडं लावायची कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची, फ्रान्समधल्या मँगो नावाच्या एका कॅप्टनच्या नावावर मोडते. त्याआधी नुसतं लाकूड असायचं आणि बॉल हस्तिदंताचे. बॉल आता रेझिनचे झाले, टोक मात्र बहुतेक ठिकाणी चामड्याचंच राहिलं. आमच्या घरात चामड्याचा पट्टा सुद्धा बस्तीला जाताना दाराबाहेर काढतात.

सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलला न्हाईस, ते बरं केलंस." मग बराच वेळ टेबलाकडं बघत राहिल्या. "हे वापरलेलं आलंय. आलंय ते असू दे. नवीन आणायचं न्हाई."

क्यू तेव्हापासून दाराबाहेरच्या खुंटीला असतात. खेळायला घेतात, परत ठेवतात, हात धुतात. मुलानं एक कृत्रिम टीप मागवून बघितली, ती ह्यांच्या हाताला बसली नाही, घसरते म्हणाले. दशलक्षणाचे दहा दिवस टेबलावर चादर होती. त्या दिवसांत बापलेक सोप्यात बसून काय बोलणार म्हणून मला काळजी होती, तर पाचव्या दिवशी मुलानंच पुण्याचा विषय काढला. काय बोलले ते मी इथं लिहिणार नाही. चटई खिडकीखालीच आहे.

चॉक घासला की टोक झिजतं, थोडं थोडं. जोरात पिळला तर लवकर, हलका लावला तर सावकाश. हल्ली मी बघते, मुलगा प्रत्येक शॉटला चॉक लावत नाही. दोन-तीन शॉटला एकदा, अगदी मोजून. मग टोक उजेडाकडं धरून किती उरलंय ते बघतो, आणि वडिलांकडं देतो.