खापरपणजीचं वय

स्थळाची चौकशी लग्नाआधी करायची असते, हा आपल्याकडचा साधा नियम. पण मुलगी परदेशात शिकायला जाते, तिथेच नोकरी धरते आणि एके दिवशी फोनवर "बाबा, तो आयरिश आहे" एवढंच सांगते, तेव्हा चौकशीला अक्षता पडल्यावरच सवड मिळते. लग्न झालं, लाडू संपले, आणि मग आमच्या आत्याबाईंना आठवण झाली : "अरे, पण घराणं कसलं?"

जावयाचं आडनाव मर्फी. आयर्लंडमध्ये याच्याइतकं बोकाळलेलं आडनाव दुसरं नाही. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरून "पाटलांचं घर कुठं हो?" असं विचारण्यातलाच प्रकार. त्यातून घरोघर पॅट्रिक, जॉन, मेरी आणि ब्रिजिट. पणजोबा कॉर्क परगण्यातले, जन्म १८९० चा, यापलीकडे जावयालाही काही ठाऊक नव्हतं. मी पडलो निवृत्त माणूस. लागलो कामाला.

आयर्लंडमध्ये १८२१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी झाली. म्हणजे १८९१ पर्यंत आठ वेळा. आता यांतली शिल्लक किती? शोधणाऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ भोपळा! पहिल्या चार डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधल्या दप्तरखान्यात होत्या. १९२२ च्या जूनअखेर यादवी युद्धात तिथे स्फोट होऊन आग लागली आणि थोडे कपटे सोडता सगळं भस्म झालं. पुढच्या दोन सरकारनेच आकडे काढून झाल्यावर नष्ट केल्या आणि त्यापुढच्या दोन पहिल्या महायुद्धात लगदा करायला गेल्या. भांडणात जळलं तर एक वेळ समजू शकतं; पण आपल्याच कारकुनाने पूर्वज रद्दीत घालावेत? उरल्या १९०१ आणि १९११ च्या. मात्र त्या पूर्ण, आणि तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कृपेने संगणकावर चक्क फुकट. फुकट म्हटल्यावर माझ्या संशोधकवृत्तीला धार आली.

तो तक्ता म्हणजे स्थळाच्या चौकशीचा आदर्श नमुना आहे. नाव, नातं, धर्म, वाचता येतं का, वय, धंदा, लग्न. शेवटच्या रकान्यात कुणी मुकं, बहिरं, आंधळं किंवा वेडं आहे का, हेसुद्धा! आपण जे मागल्या दाराने शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, ते तिथे पोलीस पुढल्या दाराने विचारीत. घराला तर परीक्षेसारखे गुण : भिंत दगडाची असेल तर एक, मातीची असेल तर शून्य, छप्पर कौलारू तर एक, गवती तर शून्य. समोरच्या खिडक्या मोजायच्या, गोठे मोजायचे, कोंबड्यांची खुराडीसुद्धा मोजायची.

चौथ्या रात्री घर सापडलं. भिंतीला एक, छपराला शून्य, गोठा एक. आत्याबाईंना मी "दगडी घर, शिवाय गोठा" एवढंच कळवलं. गोठा डुकरांचा होता हे सांगून त्यांना कशाला उपास घडवायचा?

अडचण आली ती खापरपणजीपाशी. १९०१ च्या तक्त्यात बाईचं वय ५४. १९११ च्या तक्त्यात ७३. दहा वर्षांत बाई एकोणीस वर्षांनी म्हातारी झाली! नवरा मधल्या काळात वारला होता. पण दुःखाने माणूस खंगतो म्हटलं तरी असा हिशेबाबाहेर खंगत नाही.

पुढे कळलं की या काळात अख्खा आयर्लंडच असा झपाट्याने पिकला होता. १९०८ साली कायदा झाला : सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन. सरकार म्हणालं, वयाचा पुरावा आणा. आणणार कुठून? सगळ्यांच्या जन्माची नोंद सुरू झाली तीच मुळी १८६४ साली. मग अधिकारी विचारीत, "मोठं वारं आठवतं का?" ६ जानेवारी १८३९ च्या रात्री त्या बेटावर भयंकर वादळ झालं होतं. ते आता ज्याला त्याला आठवू लागलं. आपल्याकडे शाळेत घालताना मास्तर १ जून ठोकून देत आणि वय होता होईल तो कमी लावीत, की नोकरी दोन वर्षं जास्त टिकावी. तिथे उलटी गंगा. खापरपणजीच्या नव्या हिशेबाने ती त्या वादळात जेमतेम वर्षाची होती. पण आठवण खणखणीत असणार, याबद्दल मला शंका नाही.

तिचा खरा जन्म १८४७ चा. या सालाला आयरिश माणूस 'काळं सत्तेचाळीस' म्हणतो. शेतात बटाटा कुजून गेला होता आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली.

१९११ च्या तक्त्यात आणखी तीन रकाने होते : लग्नाला वर्षं किती, मुलं जन्मली किती, हयात किती. ते नवरा असलेल्या बायकांनीच भरायचे होते. पण पुष्कळ विधवांनीही भरले, आणि नंतर कुणी साहेबाने नियमाप्रमाणे त्यांवर रेघ ओढली. खापरपणजीला लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं असेल, दुसऱ्या कुणी लिहिलं असेल. रेघेखालचे आकडे स्वच्छ वाचता येतात. जन्मली अकरा, हयात सहा.

त्या रात्री मी संगणक लवकर बंद केला.

आता एकच शोध बाकी आहे. पेन्शनवाल्यांना वयाची खात्री करायची असली की डब्लिनला चिठ्ठी जाई. तिथला कारकून, तेव्हा अजून न जळलेली १८४१ किंवा १८५१ ची खानेसुमारी उघडून वय कळवी. मूळ वह्या जळाल्या, त्या चिठ्ठ्या मात्र कितीतरी राहिल्या. खापरपणजीच्या नावाची चिठ्ठी असलीच, तर तीत १८५१ साली ती तीन-चार वर्षांची पोर होती असंच लिहिलेलं असणार, आणि मग पेन्शन बुडालंच म्हणायचं. जावई दर रविवारी फोनवर विचारतो, "चिठ्ठी सापडली का?"

मी रोज अर्धा तास शोधतो आणि रोज, नाही सापडली की, जरा बरं वाटून झोपायला जातो.