इंदुरातील काठीचा वर्ग

परगावी स्थायिक होणारा मनुष्य देव्हाऱ्यातील टाक बरोबर नेतो, घरचा मसाला नेतो, पोथ्याही नेतो; तालीम मात्र गाठोड्यात बांधून नेता येत नाही. तिला माती लागते, वस्ताद लागतो आणि रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी येणारी मुले लागतात. २०१७ साली नोकरीनिमित्त मी कोल्हापुराहून इंदुरास आलो व पुढील वर्षी येथे मर्दानी खेळांचा वर्ग सुरू केला. त्या खटाटोपातील काही अनुभव, अशाच उद्योगास हात घालू इच्छिणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे लिहीत आहे.

कोल्हापुरात पेठोपेठी तालमी. लाठी, पट्टा, विटा, फरी-गदका ही नावे तेथील मुलाच्या कानांवर लहानपणापासून पडत असतात. इंदूरही या बाबतीत कोरे नाही. होळकरांची राजधानी १८१८ साली महेश्वराहून येथे आली. येथील आखाड्यांतून उस्ताद आणि खलिफा यांची परंपरा आजही आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्यांबरोबर आखाड्यांचे खेळाडू शस्त्रांचे हात करीत चालतात. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली, तिच्या भगिनी गिरण्याही थंडावल्या. पण झांक्या टिकल्या आणि आखाडेही टिकले. तेव्हा वर्गाचा फलक लावण्यापूर्वी नारळ घेऊन जवळच्या आखाड्यातील वृद्ध उस्तादांच्या भेटीस जाणे मी अगत्याचे मानले. त्यांनी प्रथम एकच विचारले, “हमारे लड़के तो नहीं ले जाओगे?” मी नाही म्हणताच त्यांनी चहा मागविला आणि नागपंचमीच्या मुहूर्तावर आरंभ करण्याचा सल्ला दिला. तो मी पाळला.

जागेचा प्रश्न याहून बिकट होता. आमच्या वसाहतीतील मारुतीच्या देवळामागे मोकळे अंगण आहे. ते मागताच विश्वस्तांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी, देवाच्या दारी हत्यारे कशाला, असा आक्षेप घेतला. समर्थांनी मारुतीची देवळे उभारून बलोपासनेचा प्रसार केला, हे त्यांस मी सांगावे अशी गोष्टच नव्हती. ते स्वतः दासबोधाचे नित्य वाचक. त्यांची खरी चिंता निराळी होती. कोणाचे डोके फुटले तर बोल देवळावर येईल, ही ती चिंता. तिचे उत्तर पुराणांतून देण्याऐवजी मी कागदावर नियम लिहून दिले. धार असलेले पाते अंगणात यावयाचे नाही. पहिले तीन महिने केवळ पवित्रे, म्हणजे पावलांची ठेवण. दोन मुलांमध्ये दोन काठ्यांचे अंतर. पालकांची लेखी संमती. मलमपट्टीची पेटी नेहमी जवळ. वृद्ध गृहस्थांनी कागद दोनदा वाचला, खाली स्वतःची सही केली आणि मुलींना मज्जाव नसावा, एवढे एक कलम आपल्या हाताने वाढविले.

माळव्याच्या काळ्या मातीने आमची पहिली परीक्षा घेतली. पावसात ती पायांस अशी चिकटते की पवित्रा बदलताना पाऊल उचलत नाही. शेवटी मुलांनीच घमेली घेऊन अंगणात मुरूम पसरला. घरी हिंदी बोलणारी ही मुले हात मोजताना मात्र एक, दोन, तीन असे मराठीत मोजतात. शेजारच्या हिंदीभाषक घरांतील मुले येऊ लागली, तीही तसेच मोजू लागली.

खरी कसोटी दुसऱ्या पावसाळ्यात लागली. खेळाच्या मैदानावरून आमच्या वस्तीतील तरुणांचा दुसऱ्या वस्तीशी तंटा झाला. एके सायंकाळी त्यांतील काहीजण, आणि एका मुलाचे वडीलही, माझ्याकडे आले. पवित्रे पुरे करा, आठ दिवसांत मारण्याचे चार हात शिकवा, असे त्यांचे म्हणणे. मी नकार दिला. वडिलांचा प्रश्न रोखठोक होता: “मग ही विद्या कशासाठी?” मी म्हटले, काठी कोठे थांबवावी हे ज्यास कळते, त्यासच ती चालविता येते, आणि ते आठ दिवसांत शिकविण्याची शक्ती माझ्यात नाही. दुसऱ्या दिवशी सोळांपैकी अकरा मुले आली नाहीत. उरली पाच, त्यांत तीन मुली.

ते दिवस कठीण होते. पाच मुलांसाठी अंगण अडवून ठेवावे काय, असा विचार माझ्याच मनात येई. विश्वस्तांनी मात्र त्याच महिन्यात काठ्या ठेवण्यास देवळाची एक खोली दिली. नियम पाळल्यामुळे मुले जातात आणि तरीही नियम मोडत नाही, हे त्यांनी पाहिले होते. तंटा पुढे पोलीस चौकीत मिटला. गेलेल्यांपैकी चौघे दिवाळीनंतर परतले. त्यांस पुन्हा पहिल्या पवित्र्यापासून आरंभ करावा लागला.

२०२० साली महामारीने अंगण ओस पडले. मुले आपापल्या गच्चीवर सराव करीत. २०२१ साली पुन्हा जमलो, तेव्हा त्या तीन मुलींचे हात माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक साफ झालेले दिसले. त्याच दिवसापासून नव्या मुलांस पवित्रे शिकविण्याचे काम मी त्यांजकडे सोपविले.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. मध्य प्रदेशाने त्यापूर्वीच, २०१३ साली, मल्लखांबास राज्यक्रीडा ठरविले होते. असा मान मिळणे आनंदाचे आहे. परंतु त्याने अंगण झाडले जात नाही. अंगण कोणीतरी रोज झाडावे लागते. म्हणून नव्या शहरात वर्ग काढणाऱ्यास माझे एवढेच सांगणे, की पहिल्या दिवसापासून आपल्यामागे उभा राहील असा विद्यार्थी शोधावा. नोकरदार मनुष्याची बदली केव्हाही होते, माझीही होईल. वर्ग माझ्या नावाने ओळखला गेला, तर तो माझ्याबरोबर जाईल.

सध्या एकोणीस मुले येतात. पैकी आठ मुली. काठ्यांच्या खोलीची किल्ली गेल्या दिवाळीपासून त्या तिघींपैकी थोरलीकडे असते. मला उशीर झाला, तरी वर्ग वेळेवर सुरू होतो.