फुलदाणीचं माहेर

श्रूजबरीहून रूट 20 धरून पश्चिमेला निघालं की तासाभरात ब्रिमफील्ड येतं. मे, जुलै आणि सप्टेंबरात तिथे जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. आपल्या जुन्या बाजाराचा गोरा चुलतभाऊच म्हणा ना! तिथे ओपलाइन काच दिसली की विक्रेता बहुधा 'फ्रेंच' म्हणतो. फ्रेंच म्हटलं की भाव चढतो.

ओपलाइन म्हणजे दुधाळ काच. वितळलेल्या काचेत हाडांची राख किंवा कथिलाचा ऑक्साइड असला की ती दुधाळ होते. 19 व्या शतकात ती फ्रान्समध्ये बनायची, तशीच बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातही.

आमच्या शेजारच्या आजीबाई घर विकून लेकीकडे राहायला निघाल्या. त्यांच्याकडे एक फिकट हिरवी फुलदाणी. त्यांच्या आजीने बोहेमियातून कपड्यांत गुंडाळून आणलेली, अशी घरातली गोष्ट. एका दुकानदाराने ती बघून सांगितलं, "ही फ्रेंच." आजीबाईंना पैशाचं काही नव्हतं. पण मग आजीची गोष्ट खोटी का? "तू इंजिनियर ना, बघ जरा," म्हणाल्या.

तर मंडळी, बुडाला शिक्का नव्हता. अमेरिकेत विकायला येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, हा नियम 1891 पासूनचा. पण ट्रंकेतून आलेल्या वस्तूवर शिक्का कोण मारणार? म्हणजे शिक्का नसण्यातून काहीच कळत नाही.

अतिनील दिव्याखाली ती झगझगीत हिरवी दिसली. म्हणजे युरेनियम. बोहेमियात योसेफ रीडेलने 1830 च्या दशकात अशी काच बनवायला घेतली खरी, पण पुढे इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका सगळ्यांनीच बनवली.

मग आर्किमिडीजबुवांना साकडं घातलं. रंग भट्टीत भाजलेले, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. फुलदाणी 412 ग्रॅम. पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवली, तळाला न टेकवता. काटा 164 वर गेला. भागाकार 2.5. उत्तम फ्रेंच ओपलाइन बहुधा शिसं घातलेल्या क्रिस्टलची, तिचं उत्तर 3 च्या आसपास येतं. बोहेमियन काच पोटॅश-चुन्याची, ती 2.5 च्या जवळ.

साच्याची शिवण कुठे नव्हती, म्हणजे फुंकून केलेली. पण फुंकून काम आमच्याच राज्यातल्या सँडविच गावच्या कारखान्यातही (1825 ते 1888) होत असे. आजीबाईंना एवढंच सांगितलं, "फ्रेंच क्रिस्टल नक्की नाही. बोहेमियन असण्याच्या आड काही येत नाही. यापुढे काच बोलत नाही, तुमची आजीच बोलते."

त्यांना तेवढं पुरलं. कुणी, कुठून, केव्हा आणली ते त्यांनी कागदावर लिहून फुलदाणीत घडी करून ठेवलं.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. कुणाकडून, कुणाला, तारीख. तेव्हा आम्ही हसायचो. तुमच्या माळ्यावर एखादी बिलोरी हंडी असेल, तर घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवा. नंतर काटा फक्त 2.5 सांगेल.